स्वतंत्र झालात, आता रागावू नका

नोकरी सोडून फ्रीलान्सर झालात ना? मग रागावायची सवयही सोडा. राग ही एक तारखेला पगार जमा होणाऱ्यांची चैन आहे. ‘पैसे कधी देताय?’ असं चुकूनही लिहू नका. ‘सर, जेंटल रिमाइंडर’ लिहा, शेवटी जोडलेले हात टाका आणि त्यांच्या पुढे एक हसरा चेहरा, म्हणजे आपलं अगदीच अडलेलं नाही असं वाटतं. ब्लू टिक दिसली की समाधान माना. चार दिवसांनी उत्तर येईल, ‘इन्व्हॉइस अकाउंट्सला पाठवलंय.’ हे अकाउंट्स कोण, कुठे बसतात, असले प्रश्न भाविकाने विचारू नयेत.

एखादा शहाणा तुम्हाला २००६चा एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा कायदा ऐकवेल. सरकारकडे छोटा उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कायदा खरंच आहे बरं का! झोप येत नसेल त्या रात्री व्याजाचा हिशोब मांडावा, छान वाटतं. क्लायंटला मात्र तो पाठवू नका. पुढचं काम त्याच्या भाच्याला मिळेल, भाचा ‘कॅनव्हा शिकलाय’.

अगदीच खचलात तर फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उघडा. बिल त्यांच्या हिशोबात चढलं की पैसे देण्याआधीच टीडीएस कापला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या खात्यात छदाम नाही, पण सरकारदरबारी तुम्ही कमावते. प्रिंट काढून आईला दाखवा.

घरच्यांकडून फार अपेक्षा नको. तुम्ही ‘घरीच असता’, त्यामुळे सिलिंडर उतरवून घेणं, प्लंबरवर लक्ष ठेवणं आणि शेजारच्या काकूंची पार्सलं सांभाळणं तुमच्याकडे. स्थळं बघताना तेवढं ‘स्वतःचा बिझनेस’ म्हणतील.

एकटं वाटतं? नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे पगारी नोकरीबाहेर सुटी कामं करणारे, धरलेत, २०२९-३०पर्यंत २.३५ कोटी होणार म्हणे. त्यातलाच एक आत्ता तुमच्या दारात बिर्याणी घेऊन उभा आहे. ‘सर, फाइव्ह स्टार द्या ना’ म्हणताना त्याचा आवाज ऐका. ओळखीचा वाटेल.

आजारपण दोन प्रोजेक्टच्या मधे बसवा. नाहीच जमलं तर कॅमेरा बंद ठेवा, घसा बसला असेल तर नेटवर्कवर ढकला आणि रात्री साडेअकराला ‘एक छोटासा चेंज’ आला की ‘शुअर सर, एनी टाइम’ म्हणा.