यिर्मया 29:11 म्हणजे व्हिसाची हमी नव्हे

म्हापशाकडच्या आपल्या प्रार्थना गटांत एक संदेश फिरतोय: बायबलमधले यिर्मया 29:11 (‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य व आशा देण्याचे’ असे देवाचे वचन) रोज म्हणा, आखातातली नोकरी पक्की; व्हिसा अडला तर देवाची इच्छाच नव्हती. हे वचनाला धरून नाही. ते बाबेलात (बाबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातले आहे. आदल्याच वचनात सुटकेला 70 वर्षे सांगितली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचजण तिथेच मरणार होते! तोवर काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. देवाची इच्छा प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात उघडच सांगतो: पवित्र राहा, सर्व स्थितीत उपकार माना. तेव्हा व्हिसा नाकारलेल्या मुलाला ‘देवाला नको होतं’ असे कृपा करून सांगू नका. कागद अपुरा असेल तर पुन्हा अर्ज भरायला त्याच्यासोबत बसा.