गेमात कोणाचं तरी अडलं पाहिजे

ऑनलाइन गेमचे स्वतःचे सर्व्हर (जिथं सगळे जमून एकत्र खेळतात) काढणाऱ्या पोट्ट्यांची पोस्टरं पाहून पाहून कंटाळा आला. 'एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) हजार पट! पहिल्याच दिवशी मॅक्स लेव्हल! जॉइन होताच गाडी अन् पाच लाख फ्री!' खाली 'लिंक पाठव भाऊ'ची रांग. महिना-दीड महिन्यात तोच पोट्टा नवीन पोस्टर टाकतो. नाव नवीन, लोगो नवीन, बाकी मजकूर तोच. मागचा सर्व्हर काहून बंद पडला, हे त्याला कोणी विचारत नाही.

मला विचाराल तर तो त्या फुकटच्या पाच लाखांनीच बंद पडला. सगळ्यांजवळ सगळं आलं की कोणाचं कोणावाचून अडत नाही. अन् अडत नसेल तर ऑनलाइन कशाला खेळायचं? एकट्याने खेळायचे गेम काही कमी आहेत का?

रॅग्नारॉक ऑनलाइन घ्या. २००२ चा कोरियन गेम, चित्रं आजच्या पोट्ट्यांना हसू येईल अशी. पण त्याचे चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर अजून निघतात, कारण त्यातली कामाची वाटणी पक्की होती. मर्चंट, म्हणजे व्यापारी झालेला खेळाडू, दुकानातून वस्तू स्वस्तात घ्यायचा अन् महागात विकायचा, कारण 'डिस्काउंट' आणि 'ओव्हरचार्ज' ही कसबं त्याच्याकडे. लढवय्या कितीही तगडा असो, लूट चांगल्या भावात विकायला त्याला मर्चंट गाठावा लागे. प्रीस्ट, म्हणजे पुजारी झालेला खेळाडू, निळा खडा खर्च करून वार्प पोर्टल (थेट दुसऱ्या गावी नेणारं दार) उघडायचा, म्हणून गावोगावी झटपट जायचं तर बहुतेक वेळा त्याच्याशी दोन शब्द बोलावे लागत. मग हाय रेटवाल्या, म्हणजे एक्सपी भरभरून वाटणाऱ्या सर्व्हरच्या अॅडमिनांनी (सर्व्हर चालवणाऱ्यांनी) काय केलं? चौकात 'वार्पर' नावाचा एनपीसी (खेळाडू नव्हे, मशीनने चालवलेलं पात्र) उभा केला. शेजारी 'हीलर' (जखमा भरणारा) एनपीसी, तोही फुकट. प्रीस्टचा धंदा बसला, त्याच्याशी बोलायचं कारणही गेलं. खेळणाऱ्यांची सोय करतो म्हणत अॅडमिनने माणसंच कामावरून काढली.

मोठ्या कंपनीनेही हेच करून पाहिलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये डिसेंबर २००९ ला 'डंजन फाइंडर' आलं. डंजन म्हणजे टोळीने मिळून लढायची जागा. बटण दाबा, मशीन चार अनोळखी माणसं जोडून देते, काम झालं की सगळे पांगतात. त्याआधी टोळी जमवायला चॅटवर हाका माराव्या लागत, त्यात तुमचं नाव कामी यायचं. अमका बरा हीलर आहे, तमका लूट घेऊन पळतो, हे सर्व्हरभर माहीत असे. बटणाने वेळ वाचला हे खरं. पण पळणाऱ्याला आता लाज कोणाची? उद्या त्याची गाठ दुसऱ्याच सर्व्हरच्या चार जणांशी पडणार. म्हणूनच पुढे नॉस्टॅलरियस नावाचा खासगी सर्व्हर जुना, संथ गेम जसाच्या तसा चालवू लागला तेव्हा लोकांची तिकडे झुंबड उडाली. चाळिसाव्या लेव्हलपर्यंत घोडा नाही, सारं पायी, तरी झुंबड. कंपनीने कायद्याचा धाक दाखवल्यावर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने 'क्लासिक' म्हणून जुना गेम स्वतः काढला. माणसं त्रास मागून घेत होती असं कोणाला वाटेल. मला वाटतं ती दुसऱ्या माणसांची सोबत मागत होती, त्रास त्या सोबतीबरोबर आला.

ग्राफिक्सवर भांडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' बनवला, त्यात चित्र एक नाही, नुसती अक्षरं. तरी लोक खेळले.

आता माझ्या रोजच्या गेमवर येतो. अल्बियन ऑनलाइन. तो मोबाईलवर चालतो, अन् ओलिताच्या रात्री लाइनची वाट पाहत मोटरीजवळ बसायचं तर तेवढंच एक यंत्र हाताशी असतं. आधी त्याचा सर्व्हर अमेरिकेत होता. आमच्या गावातून पिंग (सर्व्हरशी निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) असा की मागून कोणी तलवार मारली ते मेल्यावर कळायचं. मार्च २०२३ मध्ये सिंगापूरला 'अल्बियन ईस्ट' निघाला आणि खेळण्यासारखं झालं. सर्व्हर आकर्षक काहून वाटतो या चर्चेत लोक पिंग शेवटी घालतात. शहरात बसून तसं करणं परवडतं.

पण मी तिथे टिकलो तो पिंगमुळे नाही. त्या गेममधल्या जवळपास सगळ्या वस्तू खेळाडूच बनवतात. धोक्याच्या भागात मेलं की अंगावरचं सारं जातं, त्यातलं काही तर कायमचं नष्ट होतं. म्हणून सुताराचं, लोहाराचं काम कधी संपत नाही. याहून भारी गोष्ट म्हणजे वरच्या दर्जाचं लाकूड, कापड, धातू तयार करताना प्रत्येक पायरीवर खालच्या दर्जाचा तयार माल घालावाच लागतो. म्हणजे काल आलेल्या पोराने तोडलेलं हलकं लाकूड शेवटी जुन्या खेळाडूच्या मालात जातंच. नवीन माणसाला सर्व्हरवर धरून ठेवायचं असेल तर त्याला भेटवस्तू देऊ नका, त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या. हे ज्याने डिझाइन केलं त्याला मी मानतो.

कापसाची गंमतही सांगतो. या गेममध्ये कापूस दलदलीत उगवतो! आमच्याकडे वावरात चार दिवस पाणी साचलं तर पऱ्हाटी पिवळी पडते. ते सोडून देऊ. पण त्याचं कापड करायला सगळ्यात जास्त फायदा लिमहर्स्ट शहरात, आणि लिमहर्स्ट जंगलात, जिथं धाग्याचं पीकच नाही. कापूस एकीकडे अन् कारखाना दुसरीकडे, हे गणित यवतमाळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. या अंतरामुळेच तिथे वाहतूकदार आहेत, वाटमारे आहेत, अन् वाटमाऱ्यांपासून वाचवणारे सोबतीही आहेत. सगळं एकाच शहरात ठेवलं असतं तर हे सगळे बेकार झाले असते.

जीटीए या गाड्या-बंदुकांच्या गेमच्या आरपी (रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र होऊन जगायच्या) सर्व्हरवर हेच अडणं तुम्हाला उघड दिसेल. तुम्ही जखमी होऊन रस्त्यावर पडता, अन् ईएमएसची (अॅम्ब्युलन्सची) ड्युटी करणारा कोणी खेळाडू येईपर्यंत पडूनच राहता. गाडी बिघडली तर मेकॅनिकला फोन लावा. आमच्या शेजारचा एक पोट्टा अशा सर्व्हरवर मेकॅनिक आहे. "दादा, बंदूक कोणीबी चालवते, पाना कोण धरते?" असं म्हणतो, अन् रात्री त्याला गॅंगवाल्यांचे फोन येतात. तो ऑनलाइन नसला तर त्याची चौकशी होते. त्याच्या बापाला हे पटत नाही, तो भाग वेगळा.

हे सगळं अॅडमिन बरोबर असेल तर. इथेच बहुतेक देशी सर्व्हर बुडतात. नियमावली भली मोठी: आरडीएम (विनाकारण मारणं) नाही, मेटागेमिंग (गेमबाहेर कळलेली माहिती गेममध्ये वापरणं) नाही, फेल आरपी (पात्राला न शोभणारं वागणं) नाही. पण अॅडमिनच्या मित्राची गॅंग चौकात माणसं उडवते तेव्हा तिकीट (तक्रार) उघडून हप्ताभर उत्तर येत नाही. डोनेशन देणाऱ्याला आयती गाडी देतात, तेही अॅडमिनचंच पाप. मेकॅनिकने, ड्रायव्हरने महिनाभर राबून घेतलेली गाडी दुसऱ्याने दोनशे रुपयांत आणली की राबण्याची किंमत संपली. सर्व्हरचं भाडं निघालं पाहिजे, मान्य. कपडे विका, टोप्या विका, गाडीचे रंग विका. धंद्याला हात लावू नका.

यावर नेहमी एक उत्तर येतं, "भाऊ, संथ सर्व्हर रिकामटेकड्यांसाठी, आम्हाला कामं आहेत." अरे, कामं मलाही आहेत. सोयाबीन सोंगायला आलं की पंधरा दिवस फोन हातात येत नाही. पण संथ असणं वेगळं अन् रोजची हजेरी मागणं वेगळं. ईव्ह ऑनलाइनमध्ये २००३ पासून कौशल्यं तुम्ही लॉगआउट असतानाही वाढत राहतात, ते चालतं. जो गेम 'आज आला नाहीस, बक्षीस गेलं' म्हणतो तो शेतकऱ्याला गिऱ्हाईक मानतच नाही.

आपल्या इकडचे काही पोट्टे मराठी आरपी सर्व्हर काढायचं बोलत आहेत. काढा, मी येतो. एक्सपी कमी ठेवा, मेकॅनिकला मान द्या. फक्त एक नियम शहरातल्या सर्व्हरवरून जसाच्या तसा उचलू नका. भांडणात कोणी अचानक गायब झाला की 'कॉम्बॅट लॉगिंग' म्हणून थेट बॅन. आमच्याकडे ढग गडगडला की लाइन जाते, लाइनसोबत टॉवर जातो. पंधरा मिनिटांची सूट ठेवा. तेवढ्या वेळात परत आला अन् जिथं होता तिथंच उभा राहिला, तर त्याला खेळू द्या.