आधी पावती, मग भाकरी

कोल्हापुरात राहून घरखर्चाचं अंदाजपत्रक मांडायला मुळात धाडस लागतं. तुम्ही मांडत असाल तर निदान नीट मांडायला शिका. बहुतेक लोक आधी वाणसामान, दूध, लाईट बिल, पोरांची फी असं लिहून काढतात आणि खाली जागा उरलीच तर ‘देवधर्म’ लिहितात. हे साफ उलटं आहे. पहिल्या ओळीवर देव लिहा आणि उरलेल्या पैशांत माणसं बसवा. जागा कमी पडली तर माणसं सरकून बसतात. देवाला सरकायला कोण सांगणार?

वारांचं गणित तोंडपाठ पाहिजे. सोमवार महादेवाचा. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे, म्हणजे ओटी आली, खण-नारळ आला, गजरा आला. गुरुवारी दत्ताची नृसिंहवाडी. तिथं पादुकांपुढं ठेवता त्याच्या दुप्पट पैसे परत येताना बासुंदीत आणि कवठाच्या बर्फीत जातात, पण ते ‘प्रसाद’ या सदरात टाकायचे, ‘खाणं’ या सदरात नाही. शनिवार मारुतीचा. रविवारी जोतिबा, खोबऱ्याचा भाव विचारत बसायचं नाही, ‘चांगभलं’ म्हणायचं आणि गुलालासकट उधळायचं. अमावास्या आली की बाळूमामांचं आदमापूर. उरला बुधवार, तो घराला द्या. गॅसवाला, केबलवाला, भिशीवाली, सगळ्यांना बुधवारीच बोलवा, म्हणजे कुठल्याच देवाचा खोळंबा होणार नाही.

आता वर्गणी. मंडळाची पोरं दारात आली की आत बोलवा, चहा ठेवायला सांगा आणि पावतीपुस्तकाकडे बघू नका. बघितलंत तर संपलात. पुस्तक तुमच्यापुढं उघडं धरलेलं असतं आणि वरचं पान नेमकं तुमच्या शेजाऱ्याच्या स्थळप्रतीचं असतं. आकडा तुमच्या नजरेला पडेल असा अंगठा थोडा बाजूला घेतलेला. ‘काका, तुमचं नाव लिहिलंय, फक्त आकडा सांगा,’ असं म्हणत पेन कागदावर टेकवून पोरगं थांबतं. तुमच्या मनात पाचशे असतात. शेजाऱ्याचे अकराशे एक दिसतात. ‘औंदा तुमची पावती मोठी पायजे बघा,’ असं दुसरं पोरगं म्हणतं. मग तुमच्या तोंडून आपोआप एकवीसशे एक निघतात आणि आतून कपबशीचा आवाज जरा जास्तच मोठा येतो. तो ऐकू आला नाही असं दाखवायचं.

त्या वरच्या एका रुपयाकडे मात्र लक्ष ठेवा. संस्थेची ८०जी नोंदणी असेल तर देणगीवर आयकरात सवलत मिळते, हे मंडळाचा खजिनदार तुम्हाला आवर्जून सांगेल. रोख २००० रुपयांच्या वर एक रुपया जरी गेला तरी त्या देणगीवर काहीच सवलत नाही, हे तो सांगणार नाही. बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. म्हणजे २००० दिले तर हिशोबात धरतात, २००१ दिले तर तो शकुनाचा रुपया बाकीचे दोन हजार घेऊन बुडतो. शिवाय तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत मुळीच नाही. पण म्हणून ऑनलाईन द्यायला जाऊ नका. ऑनलाईन दिलेलं चारचौघांना दिसत नाही. मग दिलं काय, न दिलं काय.

रोख कमी पडली तर? गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून सांगत फिरले, कर्ज काढून सण करू नका. बाबांबद्दल आदर आहेच, त्यांच्या फोटोला आपण हारही घालतो. पण बाबा १९५६ साली गेले. सोनेतारण कर्ज असं अर्ध्या तासात हातावर मिळेल, याची त्यांना कल्पना कुठून असणार? तेव्हा बायकोचं गंठण गहाण पडलं तर ती देवाची इच्छा समजा. सोडवायचं असेल तर मात्र तुमच्या इच्छेनंच सोडवावं लागतं.

शेतकरी वाचकांना वेगळा सल्ला. कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळालं पाहिजे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वर्गणीला असा कुठलाच आदेश नाही, ती बिलाच्या आधीच ठरते. तोवर दर दहा दिवसांचं दुधाचं बिल आहेच. म्हशीची पेंड आणि सप्ताहाची पंगत यांत निवड करायची वेळ आली, तर म्हैस कुठं बोलून दाखवते?

सप्ताहावरून आठवलं. द्यायचंच असेल तर पंगत द्या. आमच्याकडच्या देवळांत सात दिवसांच्या सात पंगतींचे यजमान ठरतात आणि पहिला आणि शेवटचा दिवस आधीच गेलेला असतो, कारण त्या दिवशी गर्दी जास्त. तुम्हाला मिळेल तिसरा किंवा चौथा. हरकत नाही, पण माईकवरून नाव दोनदा पुकारायचं असं आधीच बोलून घ्या. पहिल्यांदा पुकारतात तेव्हा लोक पत्रावळी मांडत असतात, कुणाचं लक्ष नसतं. दुसऱ्यांदा भात पडताना पुकारायला लावा. ‘आजच्या महाप्रसादाचे यजमान श्री. व सौ.’ असं सुरू झालं की मान खाली घालून, आपल्याला हे नको होतं असा चेहरा करून, बुंदीचं ताट घेऊन वाढायला निघायचं. मीठ वाढायला जाऊ नका. मीठ वाढणाऱ्याकडे कोण बघतंय?

आणि ‘सौ.’? त्या भाजी चिरणाऱ्या बायकांत बसलेल्या असतात. पंगतीतले निम्मे पैसे तांदळाच्या डब्यातून आले, हे त्यांना ठाऊक आणि तुम्हालाही. ते त्यांनी मिक्सर दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले होते. दोन वर्षं चटणी पाट्यावर वाटल्यावर साठले तेवढे. विषय निघालाच तर पाट्यावरच्या चटणीची चव काही औरच, असं ठासून सांगा. कोल्हापूरकर आहात, लोक मानतात.

कायमचं नाव हवं असेल तर वस्तू द्या. पंखा देऊ नका. पात्यावरचं नाव फक्त वीज गेल्यावर वाचता येतं. घड्याळ द्यावं, आरतीला उशीर झाला की सगळे वर बघतात. फरशी मात्र उत्तम. भक्तांच्या अनवाणी पायांखाली आपलं नाव येतं, याला नम्रता म्हणता येते आणि ते झिजेपर्यंत वाचताही येतं.

या बाबतीत सूर्याचा कित्ता गिरवू नका. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचा सूर्य अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत किरणं पाठवतो. चरणांपासून ती वर सरकत जातात आणि आकाश निरभ्र असेल तर मुखापर्यंत पोचतात. कधीपासून करतोय हे, पण एकाही भिंतीवर ‘सूर्यनारायण यांचेकडून सप्रेम भेट’ अशी पाटी नाही. असे भक्त वाढले तर कार्यकारिणीनं बैठका कशाच्या घ्यायच्या?

राहिला प्रश्न उरलेल्या घरखर्चाचा. तो भरताना हात जड होतो, हे अगदी स्वाभाविक आहे. लाईट बिल भरणाऱ्याचं नाव कुणी माईकवरून पुकारत नाही. पोराची फी भरली म्हणून शाळेचा क्लार्क उभा राहून नमस्कार करत नाही, उलट सुट्टे मागतो. आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला गेलात तर मेडिकलवाला मागच्या महिन्याची उधारी काढतो आणि तीही दुकानात गिऱ्हाईक असताना. तेव्हा या मंडळींशी एकदा बोलून घ्या. फीच्या पावतीवर ‘देणगीदार’ लिहा म्हणावं शाळेला. वाण्याला सांगा, महिन्याची यादी फळ्यावर नावासकट लावत जा. मेडिकलवाल्याला विचारा, पूर्ण बिल भरणाऱ्याला शाल-नारळ देणार का? देतो म्हणाला, तर आईच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या ऐवजी एकदम महिन्याच्या घेऊन टाका. फोटो काढायला कुणाला तरी सोबत न्या.