महागडी बॅग म्हणजे कारागिराला पुरेशी मजुरी, हे खरं नाही

माझ्या भाचीला नोकरीतला पहिला बोनस मिळालाय आणि तिला एक छानशी बॅग घ्यायची आहे. दिसायला देखणी हवी, पण कुणाला राबवून, पिळून केलेली नको, एवढीच तिची अट. तिने मला सध्या सगळीकडे फिरणारा एक मजकूर पाठवला आणि विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?"

मजकुराचं म्हणणं असं: डिझायनर बॅग महाग असते, कारण कारागिराला योग्य दाम दिलेला असतो. 'मेड इन इटली' असेल तर तिथले कायदे कडक, त्यामुळे शोषणाचा प्रश्नच नाही. व्हेगन लेदर, म्हणजे जनावराचं नसलेलं 'चामडं', घेतलंत तर उरलीसुरली टोचणीही गेली. आणि धारावीतली स्वस्त बॅग म्हणजे हमखास पिळवणूक. शेवटी एक वाक्य: सामान्य गिऱ्हाइकाला यातलं काही तपासता येत नाही, म्हणून मोठ्या नावावर विश्वास ठेवा.

हे वाचून मला राग आला, कारण यातली पहिली दोन विधानं इटलीतल्याच न्यायालयासमोर उघडी पडली आहेत.

किमतीचंच घ्या. जून 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओर या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या एका उत्पादक कंपनीवर, ठेकेदारांकडची मजुरांची पिळवणूक रोखली नाही म्हणून, न्यायालयीन प्रशासक (कारभारावर देखरेख करणारा) नेमला. तपासाच्या कागदपत्रांत एका बॅगेचा हिशोब होता. ती जोडून देण्याचे ठेकेदाराला 53 युरो मिळत होते आणि दुकानात तीच बॅग 2,600 युरोला विकली जात होती. त्या 53 युरोंत चामड्याचा खर्च धरलेला नाही हे सांगायलाच हवं. तरीही शिवणाऱ्या हातांपर्यंत जे पोहोचायचं ते त्या 53 मधूनच, आणि ते विक्रीच्या किमतीच्या जेमतेम दोन टक्के. त्याआधी एप्रिलमध्ये अरमानीच्या उत्पादन कंपनीवर अशीच कारवाई झाली होती. तिथे कारखानदाराला बॅगेमागे 93 युरो, मधल्या पुरवठादाराकडून कंपनीला ती 250 ला आणि दुकानात साधारण 1,800 ला. म्हणजे बॅग न शिवणाऱ्या मधल्याच्या वाट्याला, शिवणाऱ्या अख्ख्या कारखान्यापेक्षा जास्त. गिऱ्हाइकाने मोजलेले पैसे खाली झिरपत जातात ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता 'मेड इन इटली'. इथे लेबल खोटं नव्हतं, हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बॅगा खरोखर इटलीतच, मिलानच्या परिसरात शिवल्या जात होत्या. कायदेही होते. पण काम एका ठेक्यातून दुसऱ्या ठेक्यात उतरत छोट्या कारखान्यांत गेलं होतं आणि तिथे राबत होते बहुतांशी चिनी स्थलांतरित मजूर, त्यातले काही विनाकागदपत्रांचे. रात्री-बेरात्री हाताशी असावेत म्हणून त्यांना कारखान्यातच झोपवलं जाई. काम भराभर व्हावं म्हणून यंत्रांवरची सुरक्षेची साधनं काढून टाकलेली होती. आणि हे पकडलं कशावरून, तर विजेच्या वापरावरून! रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही कारखाना चालू असल्याचं त्यावरून कळलं. पुढे दोन्ही कंपन्यांनी पुरवठादारांवरची देखरेख सुधारली आणि 2025 मध्ये न्यायालयाने प्रशासन उठवलं, हेही नोंदवते. पण ही सुधारणा न्यायालयाने दट्ट्या दिल्यावर झाली, किमतीमुळे नाही.

व्हेगन लेदरबद्दल फार लिहायला नको. बहुतेक वेळा ते पीयू किंवा पीव्हीसी असतं, म्हणजे आपल्या ओळखीचं रेक्झिनच्या घरातलं प्लास्टिक. जनावर मारलं जात नाही हे खरं, आणि कुणासाठी तेवढंच निर्णायक असेल तर मी वाद घालणार नाही. पण ते शिवणाऱ्या बाईला तासाला काय मिळालं, याचा त्या शब्दात कुठे उल्लेख आहे? खऱ्या चामड्यातही ते कसं कमावलं यावरून फरक असतो, पण त्यावरूनही मजुरीचं काही कळत नाही. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. आपल्याकडे कोल्हापुरीसाठी हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावण्याची रीत आहे.

आणि धारावी. तिथल्या एका कारखान्यात, पोटमाळ्यावर, मी एकाला बॅगेची मूठ करताना पाहिलं आहे. कापलेली कड आधी पॉलिश पेपरने घासायची, मग काडीने रंगाची बारीक रेघ ओढायची, वाळू द्यायची, परत घासायचं, परत रंग. तिसऱ्या हातानंतर कडेवरून बोट फिरवलं तर दोन चामड्यांमधला सांधा लागेना. हे काम 'स्वस्त' म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा तासभर तिथे बसावं. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. नगावर मजुरी असते, काम नसलं की पैसे नाहीत, पीएफ बहुतेकांना ठाऊकही नसतो. पण या मजुरीची दुखणी धारावीची खासियत नाहीत, मिलानजवळ काय चाललं होतं ते वर लिहिलंच आहे. त्यातून डिझायनर सुधीर राजभर यांच्या चमार स्टुडिओसारखं काम याच मुंबईत उभं राहिलं. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याचं काम गेलेल्या दलित आणि मुस्लिम कारागिरांसोबत ते पुनर्वापरातल्या रबराच्या बॅगा करतात. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द त्यांनी मानाने बॅगेवर लावला.

राहिलं 'तपासता येत नाही'. सगळं येत नाही, पण विचारता नक्की येतं. बॅग कुठल्या कारखान्यात शिवली? काम पुढे दुसऱ्याला दिलं जातं का? नगाला किती देता? चामड्याचं प्रमाणपत्र दाखवलं तर ते चामडं कमावणाऱ्या कारखान्याचं आहे की बॅग शिवणाऱ्या, हेही विचारायचं, कारण या दोन जागा सहसा वेगळ्या असतात.

भाचीने हेच प्रश्न दोन ठिकाणी पाठवले. एका मोठ्या कंपनीकडून 'आम्ही नैतिक मूल्यांना बांधील आहोत' एवढंच उत्तर आलं. मुंबईतल्या एका छोट्या बॅगवाल्याने मात्र कारखान्याचा पत्ता, नगाचा दर आणि 'शनिवारी दुपारी या, काम चालू असतं' असं कळवलं. या शनिवारी आम्ही दोघी जातोय.