वैनीले समजावून सांगा

प्रश्न मी विचारला. उत्तर आमच्या ह्यांना मिळालं.

परवाचीच गोष्ट. तालुक्याच्या गावातलं कृषी केंद्र, काउंटरपाशी मी, आणि माझ्या मागे गाडीची किल्ली बोटात फिरवत उभे हे. मी म्हटलं, "२०० मायक्रॉनचं युव्हीवालं प्लास्टिक सुटं कापून मिळते का, की अख्खा रोलच घ्या लागते?" दुकानदारानं माझ्या डोक्यावरून मागे बघितलं. "किती एकराले पायजे भाऊ?"

ह्यांचं मायक्रॉनशी, म्हणजे प्लास्टिकच्या जाडीशी, काही घेणंदेणं नाही. ह्यांचं राज्य पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनवर. वांग्याचं आणि मिरचीचं रोप शेजारी शेजारी ठेवलं तर हे दोघांकडेही सारख्याच परकेपणानं बघतात. भाजीचे वाफे, रोपं, आठवडी बाजारातलं बसणं हे सगळं माझं, आणि घरात रोज दिसणारा रोकडा पैसाही तिथलाच. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि येण्याआधीच गेलेला असतो.

माझं दुखणं थोडक्यात सांगते. उन्हाळी वांगी-टमाट्याची रोपं ऐन थंडीत तयार करावी लागतात, आणि थंडीत बी उगवायचं मनावरच घेत नाही. उपाय दोन. एक, छोटंसं पॉलीहाऊस: लोखंडी पाइप, वर प्लास्टिक, बाजूंना जाळी, आत उभं राहून काम. दुसरा, काचेच्या झाकणाच्या पेट्या: बुड नसलेला लाकडी चौकोन जमिनीवर ठेवायचा, मागची फळी दीड फुटाची, पुढची एक फुटाची, वर पाडलेल्या घराच्या खिडकीची काच उतरती टाकायची. तोंड दक्षिणेला, कारण डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर चढतो. दिवसा माती तापते, संध्याकाळी वरून बारदान टाकलं की ऊब रात्री टिकते. काच असेल तर जास्त टिकते. साध्या प्लास्टिकमधून मातीची ऊब बरीच निसटते. हे सगळं मला विचारायचं होतं, म्हणजे खरं तर मला माहीत होतं, फक्त भाव विचारायचा होता.

पण युरियाच्या पोत्यावर मफलरवाले बसले होते.

त्यांना काही घ्यायचं नव्हतं. उंदराच्या औषधाची पुडी घेऊन झाली होती, ती खिशातून डोकावत होती. चौकड्याचा मफलर हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला, पण एक कान मुद्दाम बाहेर, म्हणजे दुकानातलं काही सुटू नये. हातात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी, आणि ती तळहातावर घोटणं अखंड चालू.

"भाऊ," ते ह्यांना म्हणाले, "तुमी पॉलीहाऊसच्या भानगडीत पडूच नोका."

"मी पेट्यांचाही विचार..." मी म्हणाले.

"थांबा वैनी. भाऊले समजू द्या." मग पन्नी उजेडात धरली. "हे पाहा. हे तुमचं पॉलीहाऊस. आतमंदी पाणी सुटलं, दिसते? हे तुमची हवा. आता हे पाहा." आणि अंगठ्यानं पन्नीला भोक पाडलं. "हे वानेर."

खर्रा बराचसा पोत्यावर सांडला. त्यांनी तो शांतपणे वेचला, पण मुद्दा सोडला नाही.

"माह्या साळ्यानं टाकलं होतं पॉलीहाऊस. शिमला मिरची लावली होती. पयल्या दिवशी वानेरं आले, छपरावर बसून पाहून गेले. दुसऱ्या दिवशी एक मोठा हुप्प्या कुदला न् भस्सकन आतमंदी. आता चारी बाजूनं जाळी, दाराले कडी. निंघाव कुठून? समजेना त्याले. मंग बसला मिरची खात. वरतं त्याची सारी बिरादरी बोंबलून राह्यली, न् हा खालतं पंगतीले बसल्यासारखा जेवून राह्यला."

"मंग?" हे म्हणाले. दुकानात आल्यापासूनचा ह्यांचा पहिला शब्द.

"मंग काय, साळ्यानं दार उघडून देल्लं. पण तो जाईच ना!"

"काहून?"

"आतमंदी ऊब होती नं भाऊ. बाहेर थंडी."

पॉलीहाऊसच्या बाजूनं इतकी भक्कम साक्ष मला आजवर कुणी दिली नव्हती. मी तसं म्हटलंही. कुणी ऐकलं नाही, कारण दुकानदार आता ह्यांना विचारत होता, "आतमंदी काकडी होईन का भाऊ?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की जाळीमुळे मधमाशी आत येत नाही, म्हणून काकडीचं बीच वेगळं घ्यावं लागतं, परागीभवनाशिवाय फळ धरणारं. आणि टमाट्याची फुलं असली तर झाडं बांधलेल्या तारेला किंवा झाडाला रोज जरा हलवावं लागतं.

मफलरवाल्यांनी घोटणं थांबवलं. मान वळवली. माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे.

"भाऊ, वैनी काय म्हणते? मधमाशीबिगर काकडी? न् भेदराच्या झाडाले हालवाले रोजचा माणूस?"

"तिलेच विचारा नं," हे म्हणाले. बिचारे मनापासून म्हणाले. पण दोघंही असे खो खो हसले की जणू ह्यांनी जन्मातला सगळ्यात मोठा विनोद केला. "भाऊ मजाकी हाय!" मफलरवाले म्हणाले, आणि दुकानदारानं चहा सांगितला. सांगताना ह्यांना विचारलं, "वैनी चा घेतेत नं?"

"घेते," हे म्हणाले. त्या दिवसातलं ह्यांचं हे एकमेव बरोबर उत्तर.

चहा पिता पिता मला रोमचा बादशहा टायबेरियस आठवला. इसवी सन १४ ते ३७ त्याची गादी. त्याला बाराही महिने रोज काकडी लागायची. प्लिनी नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय की त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ऊन असलं की बाहेर ढकलायचे, थंडीत आत ओढायचे आणि वर पारदर्शक दगडाच्या पातळ फरशा घालायच्या. म्हणजे माझीच पेटी, फक्त चाकं जास्त. त्या माळ्यांना कुणी सातबारा कुणाच्या नावावर म्हणून विचारलं नसणार.

मला विचारतात. पॉलीहाऊसला सरकारी योजनेत निम्मं अनुदान आहे, हे खरं. पण अर्ज त्याचा, ज्याच्या नावावर जमीन. आमची जमीन सासऱ्यांच्या नावावर, सासऱ्यांना ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी "प्लास्टिकचं घर कायले? हे घर पडलं का?" यापुढे चर्चा जात नाही. शिवाय पैसे आधी आपण घालायचे. पूर्वसंमती घ्या, उभारा, मोका तपासणी होऊ द्या, मग अनुदान खात्यात. कुणाच्या खात्यात? त्यांच्याच. मी पहाटे उठून रोपांवरचं बारदान काढणार, दुपारी पाणी देणार, रविवारी बाजारात उन्हात बसणार, आणि कागदावर मी कुठेच नाही. गावातल्या निम्म्या भाजीवाल्या बायकांचं हेच आहे. यात हसण्यासारखं काही असेल तर मफलरवाल्यांना विचारा.

आणि पेटीला तर योजनाच नाही. पाडलेल्या घराच्या खिडक्यांवर अनुदान द्यावं असं अजून कुणाला सुचलेलं दिसत नाही.

तसा हिशेब मी घरीच केला होता. आपलं हवामान म्हणजे कुणाचंच ऐकणारं नाही. नागपूरनं २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आणि २०१८च्या डिसेंबरात ३.५. पॉलीहाऊस हिवाळ्यात सुख, एप्रिलपासून त्यात रोपं नाही, पापड वाळवायचे. तेव्हा लागते हिरवी शेडनेट, सावलीची जाळी. प्लास्टिकचं आयुष्य तीन ते पाच वर्षं, तेही वावधनानं आधीच नेलं नाही तर. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको. पेटीची काचही गारांनी फुटेल, पण एक फुटली तर एक बदलता येते. पेटीचा जाच वेगळाच: फेब्रुवारीत सकाळी नऊच्या आत झाकण उघडलं नाही, तर अकरापर्यंत आतली रोपं शिजून माना टाकतात. म्हणजे लग्नाला जायचं नाही, माहेरी जायचं नाही, झाकणासाठी घरी. पॉलीहाऊसच्या बाजूंचे पडदे निदान सकाळी गुंडाळून दार लावून तरी निघता येतं. माझं मन म्हणून शेवटपर्यंत पॉलीहाऊसकडेच ओढत होतं. पाकीट पेटीकडे.

शेवटी प्लास्टिक सुटं मिळालं. काचा पुरणार नाहीत त्या पेट्यांवर ताणायला तेवढंच घेतलं. मोजायला दुकानदारानं टेपचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं. पैसे मी दिले, माझ्या पर्समधून, बाजारातल्या सुट्ट्या नोटा मोजून. मफलरवाल्यांनी तेही पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "चांगलं केलं भाऊ. वैनीची हौस होऊन जाईन."

बिल आलं. नाव ह्यांचं.

"हे माझ्या नावानं करा," मी म्हटलं.

"बिल निंघालं नं वैनी आता. कॉम्पुटर बदलू नाई देत." मग ह्यांच्याकडे वळून, "भाऊ, बिल सांभाळून ठेवा. वर्षाच्या आत फाटलं तर बिलावर नाव हाय त्यानंच या लागते, दुसऱ्या कोनाले बदलून भेटत नाई."

मी बिलाची घडी केली आणि ह्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. प्लास्टिक फाटलं की आता हेच जाणार. मफलरवाले तिथे असणारच, आणि ह्यांना मायक्रॉन किती ते सांगावं लागणार.