दांडीखालचा मी

परवापासून मी एका पिशवीवर चिडलोय. कापडी पिशवी. आत मेथी आणि बटाटे.

वयाच्या 42व्या वर्षी दांडीला लटकून अंग वर खेचायचा एकही पुल-अप निघेना, म्हणून रो सुरू केले. कमरेएवढ्या उंच दांडीखाली उताणं लोंबायचं, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ, खांद्याची पाती मागे आवळत छाती दांडीपर्यंत न्यायची. अंग जितकं आडवं तितकं कठीण. म्हणून मी जमेल तेवढा उभा, वर गुडघेही वाकवलेले. आठ-आठच्या तीन खेपा.

पाचव्याला होतो, कुणीतरी दांडीला पिशवी अडकवली, तोंडावर मेथी आली.

"काकू, मी आहे इथे."

"दिसताय की. चक्कर आली का?"

"नाही, रो करतोय."

"अगंबाई, रडण्यासारखं काय झालं?"

"रो म्हणजे वल्हवणं. होडीत करतात तसं."

त्यांनी आजूबाजूला पाणी शोधलं. बागेतलं कारंजंसुद्धा कोरडं आहे.

"उलटे पुल-अप समजा," मी धापा टाकत म्हणालो.

"उलटे म्हणजे खाली यायचं ना? मग जमतंय की तुम्हाला!"

एवढं बोलून त्या शेजारच्या बाकावर बसल्या. पिशवी तिथेच. बाकावर मुंग्या होत्या म्हणे. सहावा, सातवा, आठवा मी मेथीचा वास घेत काढला, आणि त्या मोठ्याने मोजत होत्या. सातवा त्यांनी धरला नाही. छाती टेकली नव्हती!

जोर काढणाऱ्याला आपल्याकडे केवढा मान. जमिनीला ढकललं की पैलवान, दांडी ओढली की पेशंट. आणि हे कुठे, तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ज्या मुलखात मल्लखांबाला पुन्हा उभं केलं तिथे. मल्लखांब म्हणजे तरी काय, घट्ट धरणं आणि अंग वर खेचणंच ना? देवधरांच्या खांबाला कुणी पिशवी अडकवली असती का? आमच्या बागेत ढकलायची यंत्रं चार आहेत. ओढायचं एकच, त्याची सीट कुणीतरी नेली. उरली ही दांडी, तर तिच्यावर सतरंज्या वाळतात. तक्रार केली तर वॉचमन म्हणतो, "साहेब, तुम्ही नसता तेव्हाच वाळत घालतात." मी असतानाचं त्याला दाखवायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेनंतर हात थरथरत होते. काकू उठल्या. "तेवढी पिशवी गेटपर्यंत आणता? तुमचाही व्यायाम होईल."

आणली. गेटपर्यंत नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत. लिफ्ट बंद होती.

आज दंड दुखतायत. रोमुळे की बटाट्यांमुळे, कळायला मार्ग नाही.