सुईचं नाक मोठं करण्याची कृती

श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणून गेला आणि तेव्हापासून पैसेवाल्यांच्या डोक्याला ताप झाला. तुमच्याकडे चार पैसे असतील तर घाबरू नका. दोन हजार वर्षं भलीभली डोकी तुमच्यासाठीच झिजली आहेत.

आधी सुईकडे बघा. जेरुसलेमच्या तटाला 'सुई' नावाचा ठेंगणा दरवाजा होता, ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून आत जायचा, असं ठणकावून सांगा. मध्ययुगाआधी या दरवाजाचा कुणाला पत्ता नव्हता आणि खोदकामातही तो सापडलेला नाही, पण प्रवचनात उत्खननाचा अहवाल कोण मागतो? शिवाय आत गेल्यावर ओझं परत लादू नये, असं कुठे लिहिलंय?

'असेल ते विकून गरिबांना दे' हे येशूचं वाक्य जास्त टोचतं. त्यावर इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती धर्मपंडिताने उतारा दिला: पैसा नको, पैशाचा मोह सोडा, सगळेच कंगाल झाले तर भुकेल्यांना घास कोण घालणार? पुढे तो सढळ हाताने वाटायलाही सांगतो. तिथवर वाचू नका.

खरी कारागिरी मात्र फ्रान्सिस्कनांच्या प्रकरणात दिसते. या भिक्षूंनी काहीही मालकीचं न ठेवण्याचं व्रत घेतलेलं. मग मठ कुणाचे, अंगावरचे झगे कुणाचे? १२७९ मध्ये पोप तिसऱ्या निकोलसने निकाल दिला: मालकी पोपची, भिक्षूंचा फक्त वापर. झकास! पुढे बाविसावा जॉन पोप झाला आणि त्याने विचारलं, खाऊन संपवलेल्या भाकरीचा मालक मी कसा? प्रश्न रास्त होता. पण तो तिथे थांबला नाही. १३२३ मध्ये त्याने जाहीर करून टाकलं की, ख्रिस्त आणि प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं हट्टाने म्हणणं हे पाखंड आहे. म्हणजे बघा, आता ख्रिस्ताला निष्कांचन म्हणणाराच गुन्हेगार! तुमचे तीन फ्लॅट त्यापुढे किस झाड की पत्ती.

तेवढ्यानेही भागत नसेल तर अमेरिकेला शरण जा. तिथल्या काही धर्मप्रचारकांच्या लेखी दान म्हणजे बी. पेरा, देव भरघोस पीक देईल. पीक नाही आलं तर विश्वास कमी पडला, तुमचा. १९८७ मध्ये त्यांच्यातल्या ओरल रॉबर्ट्स यांनी सांगितलं की, मार्चपर्यंत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला उचलून नेईल. देवाने अशी वसुली लावल्यावर भक्त हलले. शेवटची मोठी रक्कम दिली ती फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या एका मालकाने. २०१८ मध्ये दुसरे प्रचारक जेसी डुप्लांटिस यांनी ५ कोटी ४० लाख डॉलरच्या खासगी जेटसाठी भक्तांपुढे शब्द टाकला. आधी तीन घेऊन झाली होतीच. येशू आज असता तर गाढवावर बसला नसता, विमानातूनच फिरला असता, असं ते म्हणाले. गाढवसुद्धा मागून आणलेलं होतं, हे तुम्ही मध्येच काढू नका.

राहता राहिले गरीब. होत्या नव्हत्या त्या दोन दमड्या देवळाच्या दानपेटीत टाकणाऱ्या विधवेची गोष्ट त्यांना वाचून दाखवा, पेटी फिरवण्याच्या जरा आधी. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय उघडा आणि ४१ व्या वचनापासून सुरुवात करा. ४० व्यात येशू विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांची हजेरी घेतो. तेवढं पान अंगठ्याखाली दाबून धरा.